ब्रेन हॅमरेज, आयसीयू आणि तो ७२ टक्क्यांचा आकडा

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडील ६२ वर्षांचे, जुना बीपीचा त्रास, पण आजवर स्वतःचं सगळं स्वतः करणारे, अचानक उजवी बाजू लुळी पडली आणि बेशुद्ध झाले. सीटीत मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर रक्तस्राव, साकळलेल्या रक्ताची गाठ साधारण ३८ मिली, थोडं रक्त मेंदूतल्या पोकळ्यांत उतरलेलं. भरती करताना जीसीएस, म्हणजे माणूस किती शुद्धीत आहे याचे ३ ते १५ मधले गुण, ७. आज सहावा दिवस, व्हेंटिलेटरवर आहेत, डावा हात हलवतात, अधूनमधून डोळे उघडतात पण सांगितलेलं काही करत नाहीत. फाइलवर कुणीतरी आयसीएच स्कोअर (मेंदूतला रक्तस्राव किती गंभीर आहे याचे गुण) ३ लिहिलाय, तुम्ही नेटवर शोधलंत तर ३ म्हणजे ७२ टक्के मृत्यू असं दिसलं, एका एआय कॅल्क्युलेटरने अजून तिसरंच काहीतरी सांगितलं, डॉक्टर म्हणतात आत्ताच काही सांगता येत नाही, आणि वर ट्रॅकिओस्टॉमीच्या, म्हणजे गळ्यातून श्वासाची नळी टाकायच्या, कागदावर सही मागतायत. तर वाचायची शक्यता नक्की किती, आणि डॉक्टर टाळाटाळ करतायत का.

मी बरीच वर्षं न्यूरो आयसीयूत काम करतोय. पेशंट न बघता, सीटी न बघता कुणाच्या वडिलांबद्दल टक्केवारी देणार नाही, ते बरोबर पण नाही. पण तो ७२ कुठून आला, त्यात काय काय मिसळलेलं आहे आणि सहाव्या दिवशी त्याचं काय करायचं हे नीट सांगू शकतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

हा स्कोअर २००१ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी काढला. फक्त पाच गोष्टी बघायच्या. जीसीएस ३ किंवा ४ असेल तर २ गुण, ५ ते १२ असेल तर १, त्याच्या वर शून्य. गाठ ३० मिली किंवा जास्त असेल तर १. पोकळ्यांत रक्त उतरलं असेल तर १. रक्तस्राव लहान मेंदूत किंवा ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठात, असेल तर १. वय ८० किंवा पुढे असेल तर १. बास, बेरीज ० ते ६. तुमच्या वडिलांचे जीसीएसचा एक, गाठीचा एक, पोकळीचा एक असे ३ होतात, म्हणजे फाइलवरचं गणित बरोबर आहे.

आता गंमत बघा, मूळ अभ्यासात पेशंट होते एकूण १५२. त्यात स्कोअर ३ असलेले ३२ जण, त्यातले २३ जण तीस दिवसांच्या आत गेले, हे झाले तुमचे ७२ टक्के. सगळ्या जगातल्या मोबाईल ॲपवर आज जो आकडा दिसतो तो या ३२ माणसांचा आहे. नुसत्या संख्याशास्त्राच्या हिशोबानेसुद्धा ३२ पैकी २३ चा अर्थ साधारण ५५ ते ८५ टक्क्यांच्या मधे कुठेतरी एवढाच निघतो, ७२ नाही. स्कोअर ५ ला १०० टक्के मृत्यू असं लिहिलेलं असतं ना, ते पेशंट होते फक्त सहा. सहाच्या सहा गेले म्हणून शंभर. आणि ६ स्कोअरचा तर त्या अभ्यासात एकही पेशंट नव्हता. नंतर इतर ठिकाणी हा स्कोअर बऱ्याच वेळा तपासला गेला आणि स्कोअर वाढला की मृत्यू वाढतात हा क्रम सगळीकडे टिकला, पण नेमका आकडा ठिकाणानुसार बऱ्यापैकी बदलतो. म्हणजे कोण जास्त गंभीर कोण कमी हे सांगायला तो चांगला आहे, आणि खरं तर डॉक्टरांनी एकमेकांशी एका भाषेत बोलावं यासाठीच तो जास्त उपयोगी पडतो. फोनवर मला कुणी स्कोअर ४ म्हणालं की पेशंट कसा असेल हे डोळ्यासमोर येतं.

दुसरी गोष्ट, त्या काठावरच्या रेषा. गाठीचा आकार आम्ही सीटीवर मोजतो तो सगळ्यात मोठी लांबी गुणिले तिला काटकोनातली रुंदी गुणिले उंची भागिले दोन असा. समजा लांबी ५ सेमी, रुंदी ४, आणि ५ मिमीच्या स्लाइस साडेसात भरल्या म्हणजे उंची पावणेचार, तर उत्तर येतं साडेसदतीस मिली. हेच दुसऱ्या कुणी मोजताना लांबी साडेचार आणि रुंदी साडेतीन धरली, आणि गाठीच्या कडा वेड्यावाकड्या असल्या की एवढा फरक सहज पडतो, तर येतात साडेएकोणतीस. झालं, ३० च्या खाली गेलं, स्कोअर ३ चा २ झाला आणि टक्केवारी ७२ वरून २६ वर आली. पेशंट तोच, सीटी तोच, रक्त तेवढंच. त्यामुळे जिथे एका गुणाने इतकी मोठी उडी पडते तिथे तो आकडा दाराच्या बाहेर बसलेल्या नातेवाइकांना भविष्य म्हणून सांगणं मला कधीच पटलेलं नाहीये.

आणि एकाच ३ मधे किती वेगळी माणसं बसतात ते बघा. ८२ वर्षांच्या आजी, लहान मेंदूत छोटी गाठ, पोकळीत थोडं रक्त, पण जीसीएस १४, बोलतायत. त्यांचाही स्कोअर ३. तुमचे वडील ६२ चे, खोल बेशुद्ध, मोठी गाठ, त्यांचाही ३. लहान मेंदूतली गाठ मोठी असेल किंवा पोकळी तुंबवत असेल तर ऑपरेशनने जीव वाचू शकतो, खोलवरच्या गाठीत ऑपरेशनचा फायदा इतका सरळ नाही. दोघांचं पुढचं वळण पूर्ण वेगळं. स्कोअरला हे दिसत नाही. त्याला हेही दिसत नाही की पेशंट रक्त पातळ करायची गोळी घेत होता का, शुगर किती, ताप आहे का, किडनी कशी आहे, आणि मुख्य म्हणजे आजारपणाच्या आधी माणूस कसा होता, स्वतःचं सगळं स्वतः करत होता की आधीच अंथरुणाला होता.

पण हे सगळं किरकोळ म्हणावं अशी मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तुम्ही विचारलंत म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. मृत्यूच्या या आकड्यांमधे आम्हा डॉक्टरांचे निर्णय आधीच मिसळलेले आहेत. मेंदूत मोठा रक्तस्राव झालेले पेशंट आयसीयूत जातात तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांचा शेवट उपचार थांबवल्यामुळे होतो. म्हणजे पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणतात परिस्थिती फार वाईट आहे, कुटुंब म्हणतं मग उगाच हाल नकोत, व्हेंटिलेटर काढला जातो किंवा पुढचं काही वाढवायचं नाही असं ठरतं, पेशंट जातो, आणि रजिस्टरमधे नोंद होते जीसीएस ६, गाठ ४५ मिली, मृत्यू. अशा नोंदी गोळा करून उद्याचा स्कोअर बनतो, परवा तोच स्कोअर बघून दुसरा डॉक्टर सांगतो की अशा पेशंटचे चान्स नसतात. पोराला परीक्षेला बसूच दिलं नाही आणि निकालात नापास लिहिलं तसलाच हा प्रकार. २००१ मधेच, म्हणजे स्कोअर आला त्याच वर्षी, सिॲटलच्या बेकर आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं होतं. त्यांच्या पेशंटमधे मृत्यूचा अंदाज देणारा सगळ्यात मोठा घटक कुठला निघाला, तर उपचार काढून घेण्याचा निर्णय, आणि तो हिशोबात धरला की बाकीच्या घटकांचं वजनच उरत नव्हतं. नंतरच्या अभ्यासांतही दिसलं की पहिल्या दिवसाच्या आत डीएनआर लिहिला गेला, म्हणजे हृदय थांबलं तर परत सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही असं ठरलं, की मृत्यू वाढतात, आणि ते आजार किती गंभीर आहे हे जमेस धरूनसुद्धा. खरं तर त्या कागदाचा अर्थ फक्त हृदय थांबल्यावर काय करायचं एवढाच आहे, पण तो कागद लागला की बाकीची धावपळ पण हळूहळू थंडावते, हे आयसीयूत काम केलेला कुणीही खासगीत मान्य करेल.

मग उलटं करून बघितलं तर काय होतं? ते पण झालंय. २०१५ साली मॉर्गेनस्टर्न आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला, त्यात जीसीएस १२ किंवा कमी असलेले १०९ पेशंट घेतले आणि ठरवलं की पहिले पाच दिवस कुणालाही डीएनआर नाही, सगळ्यांना पूर्ण उपचार. आयसीएच स्कोअरच्या हिशोबाने तीस दिवसांत साधारण ५० टक्के जायला हवे होते. प्रत्यक्षात गेले २० टक्के. आता लगेच याचा अर्थ सगळे ठणठणीत घरी गेले असा काढू नका, वाचलेल्यांत बऱ्याच जणांना मोठं अपंगत्व होतं, आणि हा अभ्यास छोटा होता, शिवाय ज्यांच्या घरच्यांनी आधीच नको म्हटलं ते त्यात आलेच नाहीत. पण ५० आणि २० मधलं अंतर बघा. त्यातला काही भाग तरी आजाराचा नसून आपण लवकर हात टेकतो त्याचा आहे.

म्हणूनच अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनची २०२२ ची मार्गदर्शक सूचना आहे की आधीपासून कुणाची लेखी इच्छा नसेल तर नवीन डीएनआर किंवा उपचार काढून घेणं हे भरतीनंतरच्या दुसऱ्या पूर्ण दिवसापर्यंत तरी पुढे ढकलावं, आणि नुसत्या स्कोअरवरून उपचार मर्यादित करू नयेत. न्यूरोक्रिटिकल केअर सोसायटी तर अतिगंभीर मेंदूच्या इजेत ७२ तास निरीक्षण करा म्हणते. तुमच्या डॉक्टरांनी सुरुवातीला काही सांगायला नकार दिला ना, ती टाळाटाळ नाहीये हो, तसंच करायला हवं. पहिल्या तासात ठामपणे काही नाही उरलं म्हणणाऱ्यापेक्षा हा बरा.

आता हे ७२ तास वगैरे का, तर त्या काळात खेळ खरंच चालू असतो. रक्तस्राव एकदा झाला आणि थांबला असं नेहमी नसतं. १९९७ मधे ब्रॉट आणि सहकाऱ्यांनी तीन तासांच्या आत सीटी झालेले पेशंट परत परत स्कॅन केले, तर २६ टक्के जणांत एका तासातच गाठ चांगली वाढलेली होती आणि अजून १२ टक्के जणांत पुढच्या वीस तासांत. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांत तर ही वाढ जास्त वेळ चालू राहते. बीपी पटकन खाली आणा, रक्त पातळ असेल तर लगेच उलटवा ही सगळी घाई त्यासाठी. त्यानंतर गाठीभोवती सूज, ती पहिल्या दोन-तीन दिवसांत झपाट्याने वाढते आणि पुढेही आठवडाभर हळूहळू वाढत राहू शकते. आणि पोकळीतल्या रक्ताने पाण्याचा रस्ता तुंबला की दाब वाढून माणूस खोल बेशुद्ध होतो, तिथे डोक्यात बारीक नळी टाकून पाणी काढलं की कधीकधी दुसऱ्या दिवशी डोळे उघडतो. मग जीसीएस ५ आहे तो गाठीमुळे की तुंबलेल्या पाण्यामुळे, हे ठरवल्याशिवाय कसला अंदाज देणार? त्यात झोपेचं औषध चालू असतं, न दिसणारे फिट्सचे झटके असू शकतात जे फक्त ईईजीवर, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या तपासणीत, कळतात, सोडियम खाली-वर झालेलं असतं, ताप असतो. आधी हे दुरुस्त करण्यासारखं सगळं बाजूला काढायचं आणि मग जे राहील ते मेंदूचं खरं नुकसान.

(गाठ मेंदूच्या आत नसून पृष्ठभागावर, रक्तवाहिनीचा फुगा फुटून रक्तस्राव झाला असेल तर तो आजार वेगळा, त्याला हा स्कोअर लावायचाच नाही. तिथे साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसात रक्तवाहिन्या आकसायचा धोका असतो त्यामुळे पहिला आठवडा चांगला गेला तरी आम्ही निवांत नसतो. तुमच्या केसमधे तसं दिसत नाहीये म्हणून सोडून देतो.)

तर आता सहाव्या दिवशी काय बघायचं. माझ्या दृष्टीने पहिल्या दिवसाचा स्कोअर आता जुना झाला. गाठ वाढून जाणारे, दाब वाढून मेंदू खाली सरकून जाणारे पेशंट बहुतेक पहिल्या काही दिवसांतच जातात. तुमचे वडील तो टप्पा पार करून आलेत, म्हणजे ज्या ३२ जणांच्या गटाचा तो आकडा होता त्या गटात ते आता नाहीतच, त्यातल्या तरलेल्या लोकांत आहेत. आता मी बघणार ते रोजचा कल. काल वेदना दिल्यावर हात नुसता आकसत होता आणि आज तो नेमका दुखतंय तिथे जाऊन माझा हात ढकलतोय, हा बदल माझ्यासाठी कुठल्याही स्कोअरपेक्षा मोठा. जीसीएसची बेरीज विचारू नका, हाताचा प्रतिसाद वेगळा विचारा, सहापैकी किती. व्हेंटिलेटरच्या पेशंटला बोलण्याचे गुण तसेही मिळत नाहीत त्यामुळे बेरीज फसवी असते.

आणि हे तुमच्यासाठी खास महत्त्वाचं आहे, रक्तस्राव डाव्या बाजूला आहे. बहुतेक माणसांत भाषा डाव्या मेंदूत असते. डोळे उघडतात पण सांगितलेलं ऐकत नाहीत, याचा अर्थ शुद्ध नाही असाही असू शकतो आणि शब्दच कळत नाहीत असाही असू शकतो. हात वर करा म्हणून नुसतं सांगण्यापेक्षा स्वतः हात वर करून दाखवा, बघा नक्कल करतात का. नजर तुमच्या चेहऱ्यामागे फिरते का, ओळखीचा आवाज आला की चेहऱ्यावर काही बदलतं का. आणि उजवा हात तर लुळाच आहे, त्यामुळे तपासणारा चुकून उजव्या बाजूला उभा राहून हात दाबा म्हणाला तर काहीच मिळणार नाही. तुम्हाला जे दिसतं ते वेळ टाकून लिहून ठेवा आणि राऊंडला सांगा. नर्सेस हे सगळ्यात आधी टिपतात, त्यांना विचारा. काही पेशंट बाहेरून अजिबात प्रतिसाद देत नाहीत पण ईईजीवर दिसतं की हात हलवा म्हटल्यावर मेंदू काम करतोय. २०१९ चा एक अभ्यास आहे, वेगवेगळ्या कारणांनी मेंदूला ताजी इजा झालेल्या आणि प्रतिसाद न देणाऱ्या १०४ पेशंटमधे १५ टक्के जणांत असं सापडलं, आणि वर्षभरानंतर दिवसातले आठ तास तरी एकटं राहता येण्याइतके सुधारलेले या गटात ४४ टक्के होते, उरलेल्यांत १४ टक्के. ही तपासणी सगळीकडे होत नाही, पण नुसतं बाहेरून बघून आत काहीच नाही असं म्हणायला आम्ही आता कचरतो ते यामुळे.

खरोखर वाईट लक्षणं कुठली ते पण सांगतो, नाहीतर मी नुसती आशा विकतोय असं होईल. दोन्ही बाहुल्या मोठ्या आणि उजेडाला हलत नाहीत, डोळ्याच्या बुबुळाला कापूस लावला तरी पापणी मिटत नाही, नळीतून सक्शन करताना खोकला येत नाही, दाब कमी करायची औषधं देऊनही यात काही परत येत नाही, आणि झोपेचं औषध बंद करून पुरेसा वेळ गेलाय. हे सगळं एकत्र असेल तर मी घरच्यांना स्पष्ट सांगतो. ब्रेनस्टेममधली मोठी गाठ आणि पहिल्यापासून खोल बेशुद्ध, तिथेही फार कमी जण वाचतात. १९९३ च्या ब्रॉडरिक यांच्या अभ्यासात गाठ ६० मिलीच्या वर आणि जीसीएस ८ किंवा कमी असे ९१ टक्के पेशंट महिन्यात गेले होते. त्या आकड्यातही वर सांगितलेली भेसळ असणार, तरी ती परिस्थिती फार कठीण असते हे खरंच आहे. तुमच्या वर्णनात यातलं काही नाहीये. हात हलतोय, डोळे उघडतायत, म्हणजे ब्रेनस्टेम काम करतोय. इथून पुढे जीवाला धोका आहे तो जास्त करून न्यूमोनिया, पायात गाठ होऊन ती फुप्फुसात जाणं, इन्फेक्शन, असल्या गोष्टींचा. तो मोठा धोका आहे, पण त्यावर रोज काम करता येतं.

आता थोडं कडू बोलतो. वाचणार का, हा तुमचा प्रश्न समजू शकतो, पण माझ्या मते तो अर्धाच प्रश्न आहे. क्लिअर थ्री नावाची मोठी चाचणी झाली, २०१७ मधे निकाल आले, पोकळीतलं रक्त नळीतून औषध टाकून विरघळवायचं. सहा महिन्यांत मृत्यू २९ टक्क्यांवरून १८ वर आले. छानच की. पण रोजच्या कामांत थोडी मदत लागली तरी स्वतःच्या पायावर चालण्याइतके बरे झालेले लोक दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ४८ आणि ४५ टक्के. मग वाचलेले जास्तीचे लोक गेले कुठे, तर पूर्ण अंथरुणाला खिळलेल्यांत, ते ९ टक्क्यांचे १७ टक्के झाले. म्हणून मी घरच्यांशी बोलताना वाचतील का यावर थांबत नाही, वाचले तर कसे असतील आणि तसं जगणं त्यांना चाललं असतं का, हे विचारतो. याच्या उलट बाजूची माहिती पण सांगतो. क्लिअर थ्री आणि मिस्टी थ्री (बारीक नळीतून मेंदूतली गाठच काढून बघणारी) या दोन चाचण्यांतले जे पेशंट महिन्याला खूप अपंग होते, म्हणजे आधाराशिवाय चालता न येणारे किंवा अंथरुणावर, त्यातले ४३ टक्के वर्षाच्या आत मदत न घेता चालायला लागले होते. चाचण्यांत घेतलेले पेशंट निवडक असतात हे धरूनसुद्धा ही संख्या बरीच आहे. रक्तस्रावातली सुधारणा हळू असते, सूज आणि रक्त ओसरायला आठवडे लागतात, मेंदूचा दबलेला भाग मेलेला नसतो. तीस दिवसांना पेपर तपासायचा ठरवला तर बरेच जण उगाच नापास होतात. तुमच्या वडिलांच्या बाबतीत खोलवर डावीकडे ३८ मिली म्हटल्यावर उजव्या हाताची कमजोरी आणि बोलण्याची अडचण काही ना काही राहील असं मी धरून चालेन, किती राहील ते आज कुणालाच सांगता येणार नाही. वय ६२ आणि आधी पूर्ण स्वावलंबी, हे त्यांच्या बाजूने आहे.

एआय कॅल्क्युलेटरचं काय म्हणाल तर थोडक्यात सांगतो. हे बहुतेक मॉडेल कुठल्या तरी मोठ्या आयसीयू डेटाबेसवर शिकवलेले असतात, मिमिक नावाचा बोस्टनच्या एका हॉस्पिटलचा डेटाबेस त्यात फार वापरला जातो कारण तो संशोधकांना मिळतो. मॉडेलला शिकवताना जे उत्तर दिलेलं असतं, जगला की गेला, त्यात उपचार काढून घेतलेले लोक वेगळे केलेलेच नसतात बऱ्याचदा. म्हणजे मॉडेल आजार शिकतं की तिथल्या डॉक्टरांची सवय शिकतं, हे कळायला मार्ग नाही. शिवाय हॉस्पिटलमधून जिवंत बाहेर पडला म्हणजे वाचला अशी मोजणी असेल तर शेवटच्या दिवसांसाठी घरी नेलेला पेशंट पण वाचलेल्यांत जातो. पेपरमधे लिहिलेलं असतं अचूकता ०.८५ वगैरे, तो आकडा एवढंच सांगतो की एक गेलेला आणि एक जगलेला पेशंट समोर ठेवले तर मॉडेल १०० पैकी ८५ वेळा गेलेल्याला जास्त धोका दाखवतं. तुमच्या पेशंटला ६० टक्के म्हटलं तर खरंच अशा शंभरातले साठ जातात का, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो दुसऱ्या हॉस्पिटलमधे तपासल्याशिवाय कळत नाही. मला मॉडेलचं वावडं नाहीये, उलट गाठ आपोआप मोजणं, वाढेल की नाही ते पहिल्या सीटीवरून ओळखणं यात त्याचा चांगला उपयोग होईल. पण नातेवाइकाने रात्री दोन वाजता मोबाईलवर आकडे भरून बघायची ती गोष्ट नव्हे. आणि एक सांगू, २०१६ मधे एक तुलना झाली होती, त्यात बेडपाशी उभ्या असलेल्या डॉक्टर आणि नर्सचा सुरुवातीचा अंदाज तीन महिन्यांनंतरच्या स्थितीशी या स्कोअरपेक्षा जास्त जुळला. तेव्हा स्कोअरपेक्षा तुमच्या डॉक्टरला धरा.

त्याला विचारताना किती टक्के असं विचारू नका, तो टाळेल. असं विचारा की काल आणि आजमधे काय बदललं, झोपेचं औषध शेवटचं कधी दिलं, नवीन सीटीत सूज किती आणि मेंदूची मधली रेषा एका बाजूला सरकलेली किती आहे, डोक्यातल्या पाण्याचा रस्ता मोकळा आहे का, ईईजी केला का, आणि सगळं नीट गेलं तर तीन महिन्यांनी सगळ्यात चांगलं चित्र कसं असेल, सगळ्यात वाईट कसं, आणि तुम्हाला स्वतःला कुठलं जास्त संभव वाटतं. या शेवटच्या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर खरं उत्तर देतात. घरात एकदा बसून हेही बोला की वडील कधी अशा एखाद्या नातेवाइकाला बघून काही म्हणाले होते का, मला असं ठेवू नका किंवा काहीही करा पण सोडू नका. तुम्हाला काय हवंय ते नाही, ते काय म्हणाले असते ते.

राहिली ट्रॅकिओस्टॉमी. लोकांना वाटतं गळ्याला भोक पाडलं म्हणजे आता कायम मशीनवर, आशा संपली. तसं नाहीये. तोंडातली नळी दिवसेंदिवस ठेवली की स्वरयंत्राला इजा होते, पेशंटला ती सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध द्यावं लागतं, आणि त्या औषधामुळेच तो जागा आहे की नाही ते कळत नाही. गळ्यातून नळी टाकली की ते औषध बहुतेक बंद करता येतं, कफ काढणं सोपं होतं, मशीनवरून लवकर सुटतो, खुर्चीत बसवता येतं, फिजिओ नीट होतो. पुढे शुद्ध आणि खोकला सुधारला की नळी काढतात आणि भोक सहसा आपोआप बुजतं. याने मेंदू लवकर बरा होत नाही आणि वर्षानंतरचं चित्रही फारसं बदलत नाही, पण मेंदूला वेळ मिळतो आणि आम्हाला पेशंट स्वच्छ बघता येतो. डॉक्टर तुमच्याकडे सही मागतायत याचा अर्थ त्यांना वाटतंय की पेशंट पुढचे काही आठवडे काढेल, ज्याची काहीच शक्यता वाटत नाही त्याच्यासाठी हा विषय सहसा कुणी काढत नाही. सही करायच्या आधी एकच विचारून घ्या, की महिना-दोन महिन्यांनी परत एकत्र बसून आढावा घ्यायचा का आणि तेव्हा काहीच प्रगती नसेल तर पुढे काय करायचं. आधीच असं बोलून ठेवलं तर सही करतानाही थोडं हलकं वाटतं. फिजिओ आणि स्पीच थेरपिस्ट कधीपासून येणार तेही त्याच बैठकीत विचारा, डाव्या बाजूच्या रक्तस्रावात स्पीचवाल्यांना उशिरा बोलावतात बऱ्याच ठिकाणी, मी तर पेशंटने डोळे उघडायला लागल्या लागल्या बोलावतो.